बिल्ल्यांचा रकाना

दलितांच्या सैनिकी परंपरेविषयी आपण बोलू लागलो की आपले बोट बहुधा कोरेगावच्या स्तंभाकडे जाते, आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत लेख मात्र त्याहून फार लहान गोष्टीविषयी आहे. एका शिपायाच्या कागदावर एक रकाना रिकामा राहिला आणि तो भरून घेण्यासाठी त्याच्या नातवाला पाच वर्षे खटपट करावी लागली, एवढीच ती गोष्ट. ती लिहिण्याचे कारण असे की असे रिकामे रकाने आपल्या पुष्कळ घरांतील पेट्यांत पडून आहेत, आणि ते कसे भरावयाचे हे सांगणारे कोणी त्या घरांत नाही. आमच्याही घरात नव्हते.

माझा आजा १९६३ साली फौजेत भरती झाला. १९६२ च्या चीनच्या लढाईनंतर सैन्य वाढविले जात होते. भरतीची टोळी परभणीला आली आहे असे ऐकून औंढ्याकडच्या आमच्या गावातून तो निघाला. हिंगोली त्या वेळी परभणी जिल्ह्यातील एक तालुका होती; स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. हिंगोलीहून मीटरगेजच्या गाडीने तो पूर्णेला गेला आणि तेथून परभणीला. त्यापूर्वी तो आगगाडीत बसला नव्हता. वाचणे-लिहिणे तो फौजेत शिकला. सात वर्षे कलर आणि आठ वर्षे रिझर्व्ह, अशी त्याची नोकरी. १९६५ ची लढाई त्याने पाहिली. १९७० ला तो रिझर्व्हवर घरी आला, सालदारकी धरली. १९७१ ला पुन्हा बोलावणे आले तेव्हा ज्वारीचे रान अर्धे खुरपून तो निघून गेला. पुढच्या वर्षी परत आला. १९७८ ला पंधरा वर्षे भरली आणि रिझर्व्हिस्टची पेन्शन सुरू झाली. पलटणीचे नाव मी येथे देत नाही, कारण जे घडले ते एका पलटणीचे वैशिष्ट्य नाही.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. २०१६ साली महाविद्यालयात कायम झालो. त्या दिवाळीला पेन्शनच्या कामासाठी आजाची पत्र्याची पेटी उघडली आणि पहिल्यांदा त्याचे डिस्चार्ज बुक नीट वाचले. पदकांच्या रकान्यात इंग्रजीत एक शब्द होता: 'निल'. म्हणजे काही नाही. दोन लढाया केलेल्या माणसाच्या नावापुढे काही नाही. मी आजाला विचारले. तो म्हणाला, "बिल्ले भेटनार व्हते म्हनं. मंग म्या घरी आलो. कोन इचारतं?" थोड्या वेळाने तो पुढे म्हणाला, "तुला वाचता येतं म्हनून दिसलं लेकरा. मला तं वाटलं तिथं माझं नाव लिव्हलंय."

अडतीस वर्षे तो 'निल' हा शब्द स्वतःचे नाव समजून जपत होता.

*

आता हे कसे होते ते पाहू. सैन्यातील सन्मानांचे दोन मोठे वर्ग आहेत आणि ते वेगळे ओळखल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकता येत नाही.

पहिला वर्ग शौर्याच्या पदकांचा. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, सेना पदक इत्यादी. ही व्यक्तीला, विशिष्ट कृत्यासाठी मिळतात आणि त्यांची घोषणा भारताच्या राजपत्रात नावानिशी होते. १९४७ च्या डिसेंबरात काश्मिरातील झांगरच्या लढाईत महार रेजिमेंटचे नाईक कृष्णा सोनावणे यांना महावीर चक्र मिळाले. ते कोणत्याही कारकुनाच्या विसराळूपणामुळे पुसले जाणार नाही. या पदकांबरोबर पैसाही येतो: केंद्राचा मासिक भत्ता आणि राज्य सरकारचे अनुदान.

दुसरा वर्ग मोहिमेच्या आणि सेवेच्या पदकांचा. अमुक काळात अमुक भागात जो जो नोकरीवर होता त्या प्रत्येकाला ती मिळतात. १९६५ च्या लढाईत प्रत्यक्ष रणक्षेत्रात असलेल्यांसाठी 'समर सेवा स्टार' आणि ५ ऑगस्ट १९६५ रोजी ज्यांची १८० दिवस नोकरी झाली होती अशा सर्वांसाठी 'रक्षा मेडल'. १९७१ साठी पूर्वेकडच्या आघाडीवर 'पूर्वी स्टार', पश्चिमेकडे 'पश्चिमी स्टार' आणि त्या काळात नोकरीवर असणाऱ्या सर्वांसाठी 'संग्राम मेडल'. बिकट हवामानाच्या सरहद्दीवरील नोकरीसाठी 'सैन्य सेवा मेडल', परदेशातील नोकरीसाठी 'विदेश सेवा मेडल'. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झालेल्यांसाठी 'पराक्रम पदक', ज्याला फौजेत 'वूंड मेडल' म्हणत. या पदकांसाठी शिपायांची नावे राजपत्रात छापली जात नाहीत. ती कोठे लिहिली जातात हेच आपल्याला समजून घ्यावयाचे आहे.

शिपायाच्या आयुष्यात जे जे घडते, म्हणजे भरती, बदली, बढती, रजा, लग्न, मूल, शिक्षा, जखम, पदक, ते पलटणीच्या 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये प्रसिद्ध होते. ही ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसकडे जाते आणि तेथे तिच्या आधाराने शिपायाच्या 'शीट रोल'मध्ये नोंद केली जाते. प्रत्येक रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस असते; महार रेजिमेंटचे सागरला, मध्यप्रदेशात. शिपाई सुटतो तेव्हा शीट रोलवरून त्याचे डिस्चार्ज बुक भरतात, आणि ते घेऊन तो गावी येतो. म्हणजे आपल्या पेटीतील डिस्चार्ज बुक ही नकलेची नक्कल आहे. मूळ कागद शीट रोल; आणि त्याचेही मूळ पार्ट टू ऑर्डर. पार्ट टू ऑर्डर निघाली नसेल तर कागदाच्या हिशेबाने ती घटना घडलेलीच नसते, मग मांडीत अजून लोखंडाचा तुकडा का असेना.

यावरून चूक तीन ठिकाणी होऊ शकते हे ध्यानात येईल. पहिली: शीट रोलमध्ये नोंद आहे, पण डिस्चार्ज बुकात उतरली नाही. दुसरी: नोंद आहे, पण धातूचे पदक प्रत्यक्ष हाती आले नाही. तिसरी: हक्क आहे, पण पार्ट टू ऑर्डरच निघाली नाही. पहिलीला केवळ दुरुस्ती पुरते. दुसरीला पदकाची मागणी करावी लागते. तिसरीला पुरावा लागतो. पुष्कळ अर्ज फुकट जातात ते यामुळे, की अर्जदार या तिन्हींना एकच समजतो आणि 'आमच्या आजोबांनी देशासाठी रक्त सांडले आहे' असे दोन पाने लिहून पाठवितो. माझा पहिला अर्ज असाच होता. मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे तो चांगला उतरलाही होता. त्याला उत्तर आले नाही.

*

पदके चुकतात यामागे नेहमी कोणाचा दुष्टावा असतो असे नाही. मोहिमेचे पदक लढाई चालू असताना जाहीर होत नाही. ते मागाहून जाहीर होते. मग नियम ठरतात, पलटणींनी याद्या करावयाच्या, त्या तपासावयाच्या, टांकसाळीत पदके पाडावयाची, कडेवर नंबर आणि नाव कोरावयाचे. या सगळ्याला वर्षे लागतात. तोवर शिपाई सुटलेला असतो. रिझर्व्हवर गेलेल्याचे आणखीच कठीण: १९७१ ला त्याला परत बोलावले तेव्हा तो आपल्या जुन्या पलटणीतच गेला असे नव्हते. जेथे माणूस कमी तेथे त्याला जोडले, आणि लढाई संपल्यावर तो परतला तेव्हा यादी करणाऱ्या पलटणीच्या रोजच्या हजेरीत तो उरला नव्हता.

महार रेजिमेंटच्या बाबतीत एक गोष्ट मला विशेष विचार करण्यासारखी वाटते. १९४१ च्या १ ऑक्टोबरला बेळगावला तिची पहिली पलटण उभी राहिली. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि १९६३ नंतर तिचे पायदळात रूपांतर झाले. मशीनगनच्या पलटणीची एक रीत असते. ती एकसंध लढत नाही. तिच्या कंपन्या, प्लाटून, कधी दोन-दोन तोफांचे तुकडे निरनिराळ्या पायदळ पलटणींना जोडून दिले जातात. म्हणजे लढाई दुसऱ्याच्या नावाच्या खंदकात आणि हजेरी आपल्या पलटणीच्या कागदात, तीही शेकडो मैल दूर. अशा विखुरलेल्या शिपायाची नोंद हुकण्याचा संभव एकत्र असलेल्या शिपायापेक्षा अधिक, असे माझे अनुमान आहे. अनुमानच, जुन्या जवानांच्या डिस्चार्ज बुकांशी ते कोणीतरी ताडून पाहावयास हवे.

दुसरे कारण नावाचे. आमचा आजा भरती झाला तेव्हा त्याने आपले नाव आणि बापाचे नाव सांगितले. आडनाव सांगितले नाही, कारण गावात त्याचा उपयोग कोणी करीत नव्हते. पुढे माझ्या बापाच्या शाळेत मास्तरांनी आडनाव लावले. म्हणजे फौजेच्या कागदावरचा माणूस आणि आमच्या रेशनकार्डावरचा माणूस हे दोन निराळे झाले. धर्माच्या रकान्यात भरतीच्या कारकुनाने जे लिहिले तेही आमच्या घराने १९५६ नंतर सोडून दिलेले होते. आजीचे तर त्याहून अवघड: लग्नाच्या नोंदीत तिचे माहेरचे नाव पडले होते, आणि आपल्याकडे लग्नात मुलीचे नावच बदलतात हे परप्रांतातल्या कारकुनाला कोण सांगणार? अलीकडे पेन्शनीची सगळी व्यवस्था 'स्पर्श' नावाच्या संगणकीय प्रणालीवर गेली आहे. तेथे एका अक्षराच्या फरकानेही काम अडते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पदके चुकली ती आजाच्या जातीमुळे, असे म्हणावयास माझ्याजवळ आधार नाही. अशा चुका सर्व जातींच्या शिपायांच्या कागदात झालेल्या आहेत. परंतु चूक सर्वांची होते आणि दुरुस्त मात्र ज्याच्या घरात लिहिणारा आहे त्याचीच होते. ज्याचा भाऊ वकील, ज्याचा पुतण्या तहसीलीत, त्याचा रकाना सुटल्याच्या दुसऱ्या वर्षी भरला गेला. आमचा भरावयाला घरात पदवीधर निपजण्याची वाट पाहावी लागली. जात येथे चूक करणाऱ्या हातात नसेल, पण चूक किती काळ टिकते हे तीच ठरविते.

*

आता कृतीकडे वळू. आम्ही चुकत-माकत जे शिकलो ते क्रमाने मांडतो.

आधी पेटी शोधावी. डिस्चार्ज बुक, पेन्शन पेमेंट ऑर्डर, ओळखपत्र हे तर हवेच. पण ज्याला आपण रद्दी समजतो तेही टाकू नये. फौजेतून आलेल्या पत्रांवर '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' असा पत्ता असतो. पलटणीचे नाव आणि तारीख असते. मनिऑर्डरच्या कुपनावर पाठविणाऱ्याचा नंबर आणि पलटण असते. रेल्वेचा वॉरंट, रजेचा पास, दवाखान्याची चिठ्ठी, परत बोलावल्याची तार, वर्दीतला फोटो. फोटोत छातीवर रंगीत फिती असतील तर त्यांच्या रंगांवरून पदक ओळखता येते. फीत हा अंतिम पुरावा नव्हे, पण काय शोधावयाचे हे ती सांगते. आमच्याकडे आजीने मनिऑर्डरची कुपने दोऱ्यात ओवून ठेवली होती. पैसे किती आले याचा तिचा तो हिशेब. त्याच कुपनांनी १९७१ मध्ये आजा कोणत्या पलटणीला जोडला होता हे सिद्ध झाले.

दुसरे, शिपाई जिवंत असेल तर त्याच्याजवळ बसून त्याची नोकरी वर्षावार लिहून काढावी. कोठे होता, कोणत्या महिन्यात, साहेब कोण, शेजारची पलटण कोणती. त्याला 'तुम्हाला कोणते पदक मिळायला हवे' असे विचारू नये. 'थंडीत कुठे होता' असे विचारावे. मग प्रत्येक पदकाची अट त्या तक्त्यापुढे ठेवावी. जे बसते तेच मागावे. आम्ही हावरेपणाने सैन्य सेवा मेडलही मागितले होते. त्याला एक वर्षाच्या नोकरीची अट आहे आणि आजाचे त्या भागात दहाच महिने भरत होते. ते नाकारले गेले, आणि बरोबरच नाकारले गेले. चुकीची एक मागणी चार खऱ्या मागण्यांवर संशय आणते.

तिसरे, रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करावा. त्यात आर्मी नंबर, हुद्दा, भरतीच्या वेळचे नाव जसेच्या तसे, पलटण, भरती आणि सुटकेच्या तारखा एवढेच द्यावे आणि पहिल्या अर्जात पदक मागू नये. शीट रोलमधील पदकांच्या नोंदीची प्रमाणित नक्कल आणि त्या नोंदींच्या पार्ट टू ऑर्डरचे क्रमांक मागावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठविला तर बरे. उत्तर येत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे: दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, तीस दिवसांची मुदत, नंतर पहिले अपील आणि मग दुसरे. अर्जावर सही शिपायाची स्वतःची असावी. तो नसेल तर वारसाची, नात्याच्या पुराव्यासह. आजाने २०१७ मध्ये त्या अर्जावर सही केली ती फौजेत शिकलेल्या अक्षरात, एकेक अक्षर उभे करून.

चौथे, नक्कल आली की वर सांगितलेल्या तीन चुकांपैकी आपली कोणती ते ठरवावे. आमच्या बाबतीत तिन्ही निघाल्या. रक्षा मेडल आणि समर सेवा स्टार शीट रोलमध्ये ऑर्डरच्या क्रमांकासह नोंदलेले होते. डिस्चार्ज बुकात उतरलेच नव्हते आणि पदकेही पाठविली गेली नव्हती. संग्राम मेडलची नोंद नव्हती, पण परत बोलावल्याच्या आणि सोडल्याच्या तारखा शीट रोलमध्ये होत्या, आणि त्या तारखाच हक्क सिद्ध करीत होत्या. पश्चिमी स्टारला मात्र पलटणीचा पुरावा लागला, तो आजीच्या दोऱ्याने दिला.

पाचवे, नाव जुळत नसेल तर प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नावबदल आणि सरपंच-तलाठ्याचा दाखला यांची तयारी अर्जाच्या आधी करावी, नंतर नव्हे. सहावे, पदक मिळून हरवले असेल तर ते प्रकरण निराळे: पैसे भरून दुसरी प्रत मागता येते. आणि शेवटचा मार्ग सशस्त्र सैन्य न्यायाधिकरणाचा. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले, मुंबईला त्याचे खंडपीठ आहे. पण तेथेही कागदच बोलतो.

येथे एक इशारा द्यावयाचा आहे. ज्यांना पेन्शन नाही अशा शिपायांचे कागद सुटल्यानंतर पंचवीस वर्षांनी नष्ट करण्याचा सैन्याचा नियम आहे. उरते ती 'लाँग रोल'मधील एक ओळ: नंबर, नाव, आला कधी, गेला कधी. दुसऱ्या महायुद्धात भरती होऊन युद्ध संपताच कमी केलेल्या हजारो जवानांना पेन्शन नव्हती. त्यांची सरकारी कागदपत्रे केव्हाच गेली. त्यांच्या नोकरीचा पुरता पुरावा आता त्यांच्या घरातील पेटीत असेल तर आहे. ती पेटी भंगारात गेली की तो माणूस फौजेत होता हे एका ओळीपुरतेच उरते.

*

रिकामा रकाना ही आपल्याला नवी गोष्ट नाही. हिंगोलीत आजही रिसाला बाजार आहे. निजामाच्या कंटिंजंट फौजेची येथे छावणी होती. १९०३ मध्ये ती फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली आणि छावणीचे दिवस संपले. बाजाराला रिसाल्याचे नाव राहिले. त्या छावणीत घोड्यांची लीद कोणी काढली, पाणी कोणी भरले, मेलेले जनावर कोणी ओढले, त्यांची नावे कोणत्या रोलवर असतील?

१८९२ मध्ये महारांची सैन्यभरती बंद झाली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा सिद्धान्त इंग्रजांनी मांडला आणि ज्यांनी मुंबई सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली त्यांना एका फटक्यात बिनलढाऊ ठरविले. स्वतः पेन्शनर असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पुढे पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९०४ आणि १९१० मध्ये सरकारकडे अर्ज केले. या अर्जांकडे आपण सामाजिक चळवळीची कागदपत्रे म्हणून पाहतो. मला आता ती निराळी दिसतात. एका संपूर्ण समाजाची सेवानोंद दुरुस्त करून मागणारे ते अर्ज होते: आम्ही होतो, आम्ही लढलो, तुमच्याच कागदात पाहा. कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' प्रत्ययाची नावे कोरलेली होती म्हणून तसे सांगता येत होते. स्तंभ कंपनी सरकारने स्वतःच्या गौरवासाठी उभारला हे खरेच. पण नावे लिहिली गेली म्हणून उरली. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तेथे गेले तेव्हा त्या दगडाचा अर्थ त्यांनी बदलून टाकला.

पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ ला मोडली. दुसऱ्यात पुन्हा गरज पडली. १९४१ च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर गेले आणि त्यांनी महार पलटणीचा आग्रह धरला. घ्यावयाचे आणि काम झाल्यावर विसरावयाचे, असा हा क्रम आहे. आजाच्या डिस्चार्ज बुकातील 'निल' मी या क्रमात ठेवून वाचतो.

हा प्रश्न आपल्याच देशाचा आहे असेही नाही. अमेरिकेत सैनिकांच्या नोंदी दुरुस्त करण्यासाठी १९४६ च्या कायद्याने स्वतंत्र मंडळे स्थापन झाली. तेथे १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागून दीड कोटीहून अधिक सैनिकांच्या फायली जळाल्या. तेव्हापासून तेथील लोकही आपल्यासारखेच घरातील कागद शोधून पुरावे उभे करीत आले आहेत. दुसऱ्या महायुद्धासाठी त्या देशाचे सर्वोच्च शौर्यपदक, मेडल ऑफ ऑनर, त्या काळी एकाही काळ्या सैनिकाला मिळाले नव्हते. १९९३ मध्ये सैन्याने त्याचा अभ्यास करविला आणि १९९७ च्या जानेवारीत सात जणांना ते देण्यात आले. सातांपैकी जिवंत होते एकटे व्हर्नन बेकर. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने २०२१ च्या एप्रिलमध्ये कबुली दिली की पहिल्या महायुद्धातील वसाहतींचे, मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधील, किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० मृत सैनिक व मजूर नावानिशी स्मरले गेले नाहीत, किंवा मुळीच स्मरले गेले नाहीत. आयोगाने माफी मागितली. पण माफी मागण्यापूर्वी कोणीतरी याद्या ताडून पाहिल्या होत्या, हे आपण विसरू नये.

*

माझ्या काही मित्रांना हा उद्योग पटत नाही. चळवळीतला माझा एक सहकारी म्हणाला, "ज्या व्यवस्थेने तुमच्या आजाला सालगडी ठेवले तिच्याकडे बिल्ले मागत काय फिरता? मान मागून मिळत नसतो." हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. युद्धाचा गौरव करणे हे बुद्धाच्या अनुयायांचे काम नव्हे, असेही तो म्हणाला, आणि त्यावर माझ्याकडे सोपे उत्तर नाही.

मी एवढेच म्हणतो: आम्ही मान मागितला नाही. नोंद मागितली. मान देणाऱ्याच्या मर्जीवर असतो; नोंद हा हक्क आहे. कामावर असलेल्या माणसाची हजेरी लावली पाहिजे, एवढी साधी ही गोष्ट आहे. रोजगार हमीच्या कामावर हजेरीपटात नाव नसले तर आपण तहसीलीवर मोर्चा नेतो; येथेही हजेरीपटच आहे. आणि नोंदीला पोटाशीही नाते असते. मोहिमेच्या पदकांना पैसा नाही. पण जखम लढाईत झाली अशी नोंद झाली तर पेन्शनीचा प्रकार बदलतो. १९६५ मध्ये आजाच्या पोटरीत तोफगोळ्याची चीप घुसली होती. पुढच्या मलमपट्टीच्या ठाण्यावर ती बांधून तो त्याच रात्री खंदकात परतला. 'माघारी गेलो असतो तं कागद झाला असता,' असे तो म्हणे. कागद झाला नाही. त्यामुळे पराक्रम पदक नाही आणि जखमेची पेन्शनही नाही. आम्ही दोनदा मागितले, दोनदा नकार आला, आणि नकाराचे कारण नियमाप्रमाणे बिनचूक होते. पावसाळ्यात तो पाय दुखत असे. पंचावन्न वर्षे.

खटपटीच्या दिवसांत एका कार्यालयात एक गृहस्थ आजाला म्हणाले, "बाबा, या वयात बिल्ले घेऊन काय करणार?" आजा उठून उभा राहिला, फौजी रीतीने. म्हणाला, "साहेब, काय बी करनार न्हाई. पन माझे हायेत."

आजा २०२० च्या डिसेंबरात गेला. दुरुस्तीचे पत्र आणि चार पदके २०२१ मध्ये आली. तोवर वारस म्हणून आजीच्या नावाचा घोळ निस्तरावा लागला होता. पाकीट तिच्याच हातात दिले. तिने पदके पाहिली, मग दुरुस्तीचे पत्र मला वाचावयास सांगितले. मी मराठीत सांगत गेलो. 'समर सेवा स्टार' वगैरे तिला कळले नाही, पण १९७१ च्या पलटणीचे नाव ऐकताच ती म्हणाली, "हां. तितूनच पैसे यायचे."

या लेखाचा शेवट मला एका सूचनेने करावयाचा आहे. आमच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींना घेऊन आम्ही आठ गावांत फिरलो आणि सैनिकांच्या घरचे कागद पाहिले. जेथे पेटी उघडली तेथे काही ना काही उणे निघाले: कोठे पदक, कोठे बायकोचे नाव, कोठे मुलाची जन्मतारीख. हे काम कोणत्याही गावातील दोन शिकलेली मुले करू शकतात. त्याला अनुदान लागत नाही. डिस्चार्ज बुकाची प्रत्येक पानाची नक्कल काढावी, शिपायाचे म्हणणे तारखेसह लिहून घ्यावे, नावातील फरक वेगळ्या कागदावर मांडावेत आणि एक प्रत घरात, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी. १९६५ आणि १९७१ पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्या बायका उरल्या आहेत, आणि दोऱ्यात ओवलेली कुपने बहुधा त्यांच्याकडेच असतात. आधी त्यांना विचारा.